रोपटे लहान, मूळ जुने

मार्च महिन्यात धानोरा किंवा गोंडपिपरीकडच्या रस्त्याने गेलो, तर दोन्ही बाजूंच्या जंगलात बऱ्याच ठिकाणी जमीन काळी पडलेली दिसते. पाचोळा जळून गेलेला असतो. त्याच रस्त्याने काही आठवड्यांनी पुन्हा गेलो, तर राखेतून तेंदूचे कोवळे, तांबूस फुटवे वर आलेले असतात. पावसाळा अजून दूर आहे आणि चंद्रपूरचा पारा 45 अंशांकडे चालला आहे. अशा वेळी या फुटव्यांना पाणी कुठून मिळते? आणि आगीत नेमके मेले कोण, वाचले कोण?

जंगलाच्या अभ्यासाविषयी आपण वाचतो ते बहुधा वर्षावनांविषयी असते. पनामामधील बारो कोलोरॅडो बेटावर 1980 पासून 50 हेक्टर जंगलातील प्रत्येक झाड मोजले जाते. एक सेंटिमीटर जाडीचे खोड असले तरी त्याला क्रमांक मिळतो आणि सुमारे पाच वर्षांनी त्याची पुन्हा हजेरी घेतली जाते. अशा जंगलात तळाशी जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोचते. तिथले रोपटे वर्षानुवर्षे वाट पाहते ती उजेडाची. एखादे मोठे झाड कोसळले, छतात भोक पडले, की त्याची पाळी येते.

चंद्रपूर-गडचिरोलीचे बहुतेक जंगल पानझडीचे आहे. पाऊस भरपूर, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उन्हाळ्यात झाडे उघडी होतात, तेव्हा उजेडाचा तुटवडा नसतो. रोपट्यापुढच्या अडचणी वेगळ्या असतात: कोरडी माती, आग आणि गुरांचे खूर. म्हणून इथल्या अनेक जातींची कमाई आधी जमिनीखाली जाते. तेंदूचे बी रुजले की पहिल्याच पावसाळ्यात लांब सोटमूळ खोल उतरते. बिजा आणि साल यांच्या रोपांबाबत वनअधिकाऱ्यांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे, की वरची काडी उन्हाळ्यात वाळून जाते, पावसाळ्यात मुळापासून नवी येते, पुन्हा वाळते. असे वर्षानुवर्षे चालते आणि दरम्यान मूळ जाड होत राहते. म्हणजे वीतभर उंचीचे रोपटे बघून त्याचे वय सांगायला गेलो, तर फसगत नक्की.

आता आगीचे कोडे सुटते. पाचोळ्याची आग जमिनीसरशी पळते आणि माती उष्णतेची वाईट वाहक आहे. त्यामुळे काही सेंटिमीटर खाली तापमान फारसे वाढत नाही. शेंडा जळाला की शेंड्यातून खाली येणारे, बाजूच्या कळ्यांना दाबून ठेवणारे संप्रेरक थांबते. मुळावरच्या झोपलेल्या कळ्या जाग्या होतात आणि मुळात साठवलेल्या पिष्टावर व खोलवरच्या ओलाव्यावर फुटवे येतात. गुलाबाची छाटणी करणाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही.

तेंदूपत्त्याचा सगळा व्यवहार याच गुणधर्मावर उभा आहे. विडीला पान हवे मोठे आणि लवचीक. तसे पान जुन्या झाडाला कमी, ताज्या फुटव्याला जास्त येते. म्हणून हंगामाआधी झुडपे छाटतात. आणि छाटणीचे कष्ट वाचवायचे तर काडी ओढली की काम होते. मोहाची फुले वेचायला जमीन साफ हवी, म्हणूनही पाचोळा पेटवतात. सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून मे महिन्यात, शेतात काम नसताना, घरात रोख पैसा येतो. हा पैसा किती मोलाचा असतो, हे त्या भागातील शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

पण दरवर्षी शेंडा गेला तर तेंदू झुडूपच राहतो. त्याचे झाड होत नाही, टेंभरे धरत नाहीत. तेंदू निदान जिवंत तरी राहतो. ज्यांच्या मुळात अजून साठा झालेला नाही, अशी इतर जातींची पहिल्या-दुसऱ्या वर्षाची रोपे मात्र कायमची जातात. हे एका वर्षात डोळ्यांना दिसत नाही, कारण मोठी झाडे जागच्या जागी असतात आणि जमिनीवर हिरवे फुटवेही असतात. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या पानझडी जंगलात भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 1988 मध्ये 50 हेक्टरचा तुकडा आखून मोजणी सुरू केली. तिथेही आगीची झळ प्रामुख्याने बारीक खोडांना बसते असे आढळले. जाड खोडे बहुधा तगतात.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेने जंगलाला आग लावायची नाही, लागली तर विझवायला जायचे, असे ठरवले. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला असा हक्क 2012 मध्ये, सुमारे 1,000 हेक्टरवर मिळाला. पाचगावने त्याहून पुढचे पाऊल टाकले: तेंदूपत्ता तोडणेच सोडले. छाटणी आणि आग दोन्ही टळावीत आणि टेंभरे पिकावीत, हा त्यामागचा विचार माधव गाडगीळ यांनी नोंदवला आहे. गावाला बांबूचे उत्पन्न होते म्हणून हे परवडले, हेही लक्षात घ्यायला हवे. जिथे बांबू नाही तिथे हाच निर्णय सक्तीने लादणे आम्हाला योग्य वाटत नाही. पाने तोडावीत पण आग नको, हा मधला मार्ग कितपत चालतो, हे मोजूनच कळेल.

ही मोजणी शाळेला जमण्यासारखी आहे. गावच्या ग्रामसभेला विचारून, जळलेल्या आणि न जळलेल्या भागात 10 मीटर बाजूचे चौरस आखा. (प्रयोगासाठी म्हणून आग मुळीच लावू नये, आपोआप जळलेले तुकडे दुर्दैवाने सहज सापडतात.) दोन्हीकडे एकेकच चौरस घेतला, तर फरक आगीचा की मातीचा की गुरांचा, हे सांगता येणार नाही. म्हणून दोन्हीकडे निदान पाच-पाच हवेत. गुडघ्याखालची, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतची आणि त्याहून उंच अशी रोपे जातवार मोजा. मूळ किती जुने असावे याचा अंदाज घेण्यासाठी रोपटे उपटू नका. नाल्याच्या ढासळलेल्या काठावर मुळे आयतीच उघडी पडलेली असतात, तिथे विद्यार्थ्यांना न्या. क्रमांकाच्या चिठ्ठ्या कागदाच्या किंवा सुतळीच्या नकोत, वाळवी खाते. पत्र्याचे तुकडे तारेने सैल बांधावेत. मोजणी नोव्हेंबरमध्ये करावी, तेव्हा पाने असतात आणि जात ओळखता येते. पुढच्या नोव्हेंबरमध्ये त्याच पत्र्यांजवळ जाऊन काडी आहे, गेली, की मुळापासून नवी आली, एवढेच लिहावे.