माडाच्या सावलीत ऊस नको, मग काय?



विहिरीच्या काठाला किंवा परड्यात चार माड असले, की त्यांच्याखालीही उसाची सरी ओढायची, ही आपली जुनी सवय. आम्हीही पूर्वी एका सभासदास तसाच सल्ला दिला होता. तो चुकला, हे कबूल केलेले बरे. ऊस हे उन्हाचे पीक. सावलीत तो उजेडाकडे धावतो, कांडी बारीक राहते, फुटवे मरतात, साखर भरत नाही. बेणे, खत, पाणी मात्र तेवढेच लागते.

मग लावायचे काय? मालवण तालुक्यात तोंडवलीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात जाऊन माडाची बाग बघावी. जंगलात उंच झाडाखाली लहान झाड, खोडावर वेल आणि जमिनीत कंद असतो. रानहळद उन्हाळ्यात दिसतही नाही, पण पहिल्या पावसाला आपणहून वर येते. हीच रीत बागेत आणायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने अशी मिश्र बाग 'लाखी बाग' या नावाने शेतकऱ्यांपुढे ठेवली आहे.

आधी माडाचे वय पाहा. साधारण 8 ते 20 वर्षांच्या बागेत सावली दाट असते. पुढे माड उंच गेला, की ऊन पुन्हा खाली उतरते. माडाची बहुतेक मुळे बुंध्यापासून 6 फुटांत असतात, तेवढी जागा माडाचीच. 25 फुटांवर लागण असेल, तर मधली बरीच जमीन मोकळी सापडते.

चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी, खोडावर मिरवेल आणि उरलेल्या जागेत हळद, आले, सुरण बसते. पन्नियूर-1 ही मिरीची जात चांगली, पण तिला दाट सावली मानवत नाही. हळद-आले गादीवाफ्यावरच लावावे. पाणी साचले की गड्डे कुजलेच म्हणून समजा. पुळणीच्या जमिनीत खड्डा माती व शेणखताने भरल्याशिवाय जायफळ लावू नये.

जायफळाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. बियांच्या रोपांत निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळते फुले आल्यावर, म्हणजे 6-7 वर्षांनी! तोवर घातलेले पाणी फुकट. म्हणून मादी झाडाची खात्रीची कलमेच घ्यावीत. दहा माद्यांना एक नर पुरतो.

झावळ्या व सोडणे जाळू नका. उसाला पाचट तसे बागेला हे आच्छादन. आणि प्रत्येक पिकाला त्याचे खत वेगळे द्या. माडाच्या वाट्यातले काढून दिले, तर दोन्ही हातचे जाईल.

लाखाचे गणित आम्ही मांडत नाही. यंदा चार माडांखाली करून पाहा. लागणीपूर्वी गटाच्या शेतकी मदतनीसास जागा दाखवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी