साडेसातशे किलोमीटर, अडीचशे कोटी वर्षं

नांदेडहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग 50 कंधार, जळकोट, उदगीर, बिदर, गुलबर्गा, विजापूर, होस्पेट करत कर्नाटकात चित्रदुर्गला संपतो. लांबी साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. (हे लातूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं जळकोट. तुळजापूर तालुक्यातलं जळकोट वेगळं, ते सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे.) या वाटेचा विषय निघाला की लोक किल्ल्यांबद्दल बोलतात आणि ते योग्यच आहे. 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, ते उदगीर याच रस्त्यावर आहे. पण माझ्या मते या रस्त्याचं खरं नवल त्याच्या पोटात आहे. जळकोटला चाकाखालचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर चित्रदुर्गला तो सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा! पृथ्वीचं वयच मुळी 454 कोटी. म्हणजे सकाळी जळकोटहून निघालेला माणूस रात्री मुक्कामाला पोचेपर्यंत पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक आयुष्यात मागे गेलेला असतो.

हे कसं घडतं? त्यासाठी आधी एका विहिरीत डोकावू या.

जळकोटच्या डोंगराळ भागातली एखादी न बांधलेली जुनी विहीर बघा. वर काळी माती, खाली मुरूम. त्याखाली बारीक बारीक भोकांचा, भोकांत पांढरे दाणे भरलेला दगड, विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मग सलग काळा पाषाण, सुरुंगाशिवाय न फुटणारा. आणि मग एकदम गेरूसारखा तांबडा पट्टा! त्याखाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. हा क्रम कोणी लावला?

लाव्ह्याने. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. तो थिजताना आतले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर आले आणि पृष्ठभागाजवळ अडकले. ती मांजऱ्याची भोकं. पुढे त्यांतून गरम पाणी फिरलं आणि खनिजांचे पांढरे स्फटिक साठले. थराचा गाभा सावकाश थंड झाला, तो पाषाण. आणि तांबडा पट्टा? एक लोट थांबला आणि दुसरा आला, त्यांच्या मधल्या काळात तिथे उघडी जमीन होती. तिच्यावर पाऊस पडला, दगड कुजला, माती झाली. मग नवा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. तो तांबडा पट्टा म्हणजे ज्वालामुखीने घेतलेली विश्रांती आहे! पाणी लागतं ते बहुधा या कुजक्या थरांत आणि फटींत, सलग पाषाणात नाही. म्हणून एकाची विहीर मे महिन्यातही टिकते आणि बांधापलीकडची मार्चमध्येच तळ दाखवते.

आता याच लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या किल्लारीला चला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथे काय झालं, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. हजारो माणसं गेली. असा भूकंप इथे व्हावाच कसा, या प्रश्नाचा माग घेताना शास्त्रज्ञांनी किल्लारीत 617 मीटर खोल भोक पाडलं. त्यातून निघालेल्या दगडाच्या कांड्यांनी जी हकिगत सांगितली, ती मला आजही थक्क करते. वरून 338 मीटरपर्यंत लाव्ह्याचा काळा दगड. त्याखाली फक्त 8 मीटर जुना गाळ. आणि लगेच अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा, ग्रॅनाइटच्या जातकुळीतला मूळ खडक! लाव्हा आला त्या दिवशी जी जमीन उघडी होती, ती त्या आठ मीटरांत गाडलेली आहे. पण दोन्ही खडकांच्या मधली जवळजवळ 244 कोटी वर्षं कुठे गेली? त्या काळात जे साठलं, ते ऊन, वारा आणि नद्यांनी पुन्हा धुऊन नेलं. हिशेबात उरले ते आठ मीटर.

लाव्ह्याचे हे थर म्हणजे एकावर एक टाकलेल्या गोधड्या समजा. सह्याद्रीकडे थप्पी उंच, पूर्वेला आणि दक्षिणेला ती कमी होत जाते. कोयनेजवळ ती नऊशे मीटरहून जाड भरली, किल्लारीत 338, आणि उदगीरहून पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे गेलात की गोधड्या संपतात आणि खालची जमीन, म्हणजे ग्रॅनाइट, उघड्यावर येतो. महामार्ग 50 दक्षिणेला जातो, म्हणून त्याला हीच कड गाठायला कृष्णेपर्यंत जावं लागतं. पण वाटेत तो काय काय दाखवतो!

बिदर आलं की माती लाल होते. हा जांभा. कोकणातलाच दगड, इथे पठारावर! गंमत अशी, की हाही मूळचा तोच काळा दगड. लाखो वर्षांच्या उन्हापावसाने त्यातलं बरंच काही धुऊन नेलं आणि लोह मागे उरलं. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी आत मुरतं, खालच्या काळ्या दगडावर अडतं आणि दोहोंच्या सांध्यावरून वाहतं. बहमनी काळातल्या माणसांनी हे ओळखलं आणि नेमक्या त्या सांध्यावर जमिनीखालून बोगदा खणून पाणी आणलं. बिदरचा तो कारेझ नौबादला आजही बघता येतो. भूगर्भशास्त्र हा विषय जन्मायच्या कितीतरी आधी! याच गावच्या बिदरी कलाकुसरीत जस्त-तांब्याची सुरई काळी करायला जुन्या किल्ल्यातली माती लागते. तिच्या लेपाने जस्त काळंभोर होतं आणि चांदीची नक्षी मात्र तशीच लखलखत राहते.

पुढे गुलबर्गा. तिथून थोड्याच अंतरावर शहाबाद आहे. नाव ओळखीचं वाटलं ना? तुमच्या आजोळच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवर जी फरशी होती, ती इथली. हा चुनखडीचा दगड उथळ समुद्राच्या तळाशी थराथराने साठला, म्हणून तो सपाट पाट्यांत सुटतो. लाव्ह्याच्या दगडापेक्षा तो किमान आठपट जुना आहे. तो साठला तेव्हा शंख-शिंपल्यांचे प्राणीसुद्धा जन्मायचे होते. ज्या फरशीवर आपण रांगलो, ती एका समुद्राचा तळ होती!

विजापूरला पुन्हा काळा दगड भेटतो आणि गोल घुमट त्याचाच आहे. मोहम्मद आदिलशहाच्या या कबरीच्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे 44 मीटर.

मग आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडली की थोड्याच वेळात चित्र पालटतं. काळ्या रानांच्या जागी गुलाबी-करडे खडक दिसू लागतात. मराठवाड्यातल्या आज्यांचं इरकली लुगडं ज्या इलकलचं, ते गाव याच रस्त्यावर आहे आणि तिथला गुलाबी ग्रॅनाइट परदेशी जातो. किल्लारीत जे साडेतीनशे मीटर खाली सापडलं, त्याच काळातला खडक इथे उन्हात पडलेला आहे.

होस्पेटजवळ हंपी. डोंगराएवढ्या राशी, एकावर एक तोललेले गोल धोंडे. कोणी रचले? कोणीच नाही. ते जागचे हललेलेच नाहीत! ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा असतात. जमिनीखाली असतानाच त्यांतून पाणी झिरपतं. कोपऱ्यांवर ते तिन्ही बाजूंनी हल्ला करतं, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी ठोकळे गोल होतात. पुढे कुजकी माती वाहून जाते आणि धोंडे जागच्या जागी बसून राहतात. विजयनगरच्या पाथरवटांनी हेच धोंडे ओळीने खाचा पाडून, पाचरी ठोकून फोडले. त्या खाचांच्या रांगा आजही कित्येक दगडांवर दिसतात, त्यांत बोट घालून बघा. इथल्याच विठ्ठलमंदिरातून संत भानुदासांनी मूर्ती पंढरपुरी परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते.

रस्ता चित्रदुर्गला राष्ट्रीय महामार्ग 48 ला मिळतो आणि संपतो. बरेचजण तिथला सात तटांचा किल्ला बघून परततात. माझं सांगणं आहे, तसं करू नका. जवळच मराडीहळ्ळीला जा. तिथे उशांच्या आकाराचे दगड एकमेकांना चिकटून पडलेले आहेत. तोही लाव्हाच, पण सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी पाण्याखाली बाहेर पडलेला. पाणी लागताच त्याची साल थिजायची, ती फुटून आतून नवा गोळा यायचा, तोही थिजायचा. म्हणजे तेव्हा इथे समुद्र होता, याचा तो पुरावा. ना झाड, ना मासा, जे काही जिवंत होतं ते डोळ्यांना न दिसणारं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ही जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेली आहे. हात लावून बघा, मुलांना दाखवा, आणि आठवण म्हणून तुकडा मात्र उचलून आणू नका.