वजनाचा हिशेब (भाग ५) : सडपातळ माणसाची चरबी

जानेवारी २००४मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघेही मधुमेहाचे अभ्यासक आणि दोघेही अंगाने सडपातळ. उंची आणि वजनाच्या गणितातून निघणारा बीएमआय दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. मग दोघांच्या अंगातली चरबी यंत्रावर मोजली गेली. युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याने जे सांगितलं नाही, ते यंत्राने सांगितलं.

या एका पानामागे दहा वर्षांचं काम उभं होतं. १९९३पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आणि त्यांच्या बाळांच्या नोंदी ठेवत होते. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. फरक मोठा, पण तो सगळ्या अंगात सारखा वाटलेला नव्हता. आपल्याकडची बाळं स्नायूंमध्ये आणि पोटातल्या अवयवांमध्ये कमी भरली. पाठीच्या त्वचेखालच्या चरबीत मात्र ती इंग्लिश बाळांच्या फारशी मागे नव्हती. म्हणजे हाडकुळं दिसणारं बाळ चरबी राखून आणि स्नायू कमी घेऊन जन्माला येत होतं. महाराष्ट्रात 'अंगाला काही लागत नाही, तरी शुगर निघाली' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. त्याचा एक धागा इथपर्यंत पोचतो.

स्नायूंना एवढं महत्त्व का, हे इन्सुलिनच्या कामावरून कळतं. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. त्या सांगाव्यावर स्नायू साखर आत घेतात, यकृत स्वतःकडची साखर रक्तात सोडणं कमी करतं आणि चरबीच्या पेशी आपला साठा बाहेर जाऊ देत नाहीत. जेवणातून आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. ते कमी असतील, त्यांत आणि यकृतात चरबी शिरली असेल, तर तेवढ्याच भाकरीसाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. यालाच डॉक्टर इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. बरीच वर्षं स्वादुपिंड हा जादा भार सोसतं आणि रक्तातली साखर रिपोर्टमध्ये नॉर्मलच दिसत राहते. मग एक दिवस ते थकतं.

इन्सुलिनचा वजनाशी किती जवळचा संबंध आहे, हे जगाने १९२२ साली टोरांटोत पाहिलं. लेनर्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा तिथल्या रुग्णालयात मरणाच्या दारात होता. वजन जेमतेम २९ किलो. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नव्हतं. त्या काळी अशा मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता. खाल्लेलं अंगी लागत नसे, साखर लघवीवाटे निघून जाई आणि शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळत राही. ११ जानेवारीला त्याला फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचला. तो फारसा लागू पडला नाही. मग जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासूनच्या इंजेक्शनांनी मुलगा सावरला. त्यानंतर अशी कितीतरी मुलं काही आठवड्यांत बाळसं धरू लागली.

आज इन्सुलिन सुरू केलेल्या अनेकांचं वजन थोडं वाढतं, त्याचं कारणही हेच. जी साखर लघवीतून वाया जात होती, ती आता शरीरात राहते. 'इन्सुलिनने मी जाड झाले' म्हणत परस्पर डोस सोडणारी माणसं आहेत, आणि हा प्रकार जिवावर बेततो. वाढणाऱ्या वजनाबद्दल डॉक्टरांशी बोलावं, औषधांचा मेळ बदलता येतो. इंजेक्शन मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आता साखरेकडे. लॅन्सेटच्या फोटोतल्या युडकिन यांच्याच नावाचे आणखी एक जॉन युडकिन लंडनमध्ये होऊन गेले. ते आहारशास्त्राचे प्राध्यापक. १९७२ साली त्यांनी साखरेविरुद्ध 'प्युअर, व्हाइट अँड डेडली' हे पुस्तक लिहिलं. त्या काळात हृदयविकाराचा सगळा दोष तुपालोण्यावर टाकला जात होता, आणि युडकिन यांचं म्हणणं बराच काळ बाजूला पडलं. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन १९६७ साली साखरेला झुकतं माप देणारा आढावा लिहून घेतला होता, हे २०१६मध्ये जुन्या कागदपत्रांवरून उघड झालं. युडकिन यांचा प्रत्येक मुद्दा पुढे खरा ठरला असं नाही. तरी साखरेकडे संशयाने पाहायला हवं, हे ते फार आधी सांगत होते.

साखरेच्या दाण्यात निम्मं ग्लुकोज असतं आणि निम्मं फ्रुक्टोज. ग्लुकोज इन्सुलिनला जागं करतं. फ्रुक्टोजचा निपटारा मुख्यतः यकृतात होतो आणि ते गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी बनवतं. फळातही फ्रुक्टोज असतं, पण तिथे ते तंतूंसोबत आणि थोडं थोडं येतं. पाच संत्री चावून खायला कंटाळा येतो. त्यांचा रस एका दमात संपतो. थंड पेयाच्या ३०० मिलीलीटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून येणाऱ्या उष्मांकांची मर्यादा एकूण आहाराच्या १० टक्क्यांवर ठेवली, आणि जमल्यास ती ५ टक्क्यांवर आणा असं सुचवलं. रोज २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ४ ग्रॅम. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, की ३२ ग्रॅम चहातच संपले. बिस्किट, श्रीखंड, सॉस अजून मोजलेच नाहीत.

गुळाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. गुळात लोह आणि इतर खनिजं थोडी जास्त असतात हे खरं. पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो आणि शरीर त्याला साखर म्हणूनच वागवतं. मधुमेही माणसाने साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला, तर त्याच्या रक्ताला हा बदल जवळजवळ कळतही नाही. उपासाच्या साबुदाण्याचंही तसंच. तो गोड लागत नाही, पण तो जवळपास निव्वळ पिष्ट आहे आणि पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं. महिन्यातून दोन एकादश्या आणि दर आठवड्याचा एक वार धरला, तर कित्येक घरांत उपासाच्या दिवशीच इन्सुलिनला सर्वांत जास्त काम पडतं.

महाराष्ट्रात इन्सुलिन हा शब्द ओसरीवरच्या गप्पांत आला, तो डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांमुळे आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेलेल्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीमुळे. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, गोड टाळायचं आणि रोज चालायचं. लाखो लोकांना आपलं सततचं चरणं पहिल्यांदा दिसलं, हे या चळवळीचं मोठं काम आहे. दोन जेवणांच्या बाजूने पुरावाही आहे. प्राग शहरात टाइप टू मधुमेह असलेल्या ५४ जणांवर झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्याच कॅलरी १२ आठवडे सहा वेळा वाटून खाल्ल्या, तेव्हा वजन सरासरी २.३ किलोने उतरलं. दोन जेवणांत खाल्ल्या, तेव्हा ३.७ किलोने. पण तिथली दोन जेवणं म्हणजे सकाळची भरपेट न्याहारी आणि दुपारचं जेवण. आपल्याकडे बहुतेक जण न्याहारी गाळतात आणि दुसरं जेवण रात्री नऊ-दहाला घेतात. प्रयोगाचा फायदा आपल्या ताटात जसाच्या तसा धरता येणार नाही. मिनिटांच्या आकड्यापेक्षा ताटात काय आहे, याला जास्त महत्त्व आहे. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

राहिलं जीवनसत्त्व डी. हल्ली तपासणीच्या पॅकेजमध्ये ते असतंच, आणि 'डी कमी आलंय' हे घरटी एकाला तरी ऐकावं लागतं. जाड माणसांत डी कमी सापडतं, मधुमेह्यांतही कमी सापडतं. म्हणून डी भरून काढलं की वजन उतरेल आणि शुगर जाईल, अशी आशा विकणं सोपं झालं आहे.

खरा क्रम बहुतांशी उलटा आहे. डी चरबीत विरघळतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जाड आणि सडपातळ माणसांच्या अंगावर सारखेच अतिनील किरण सोडले गेले. त्वचा दोघांचीही डी बनवण्यास सारखीच सक्षम होती. पण जाड माणसांच्या रक्तात डीची वाढ ५७ टक्क्यांनी कमी दिसली. बाकीचं चरबीत अडकून पडलं होतं. २०१३मध्ये सुमारे ४२,००० लोकांची जनुकं तपासणाऱ्या अभ्यासाने हीच दिशा दाखवली. वजन वाढलं की डी घटतं. डी कमी असल्यामुळे वजन वाढतं, याला त्यात आधार सापडला नाही.

मधुमेहाची परीक्षा तर थेट घेतली गेली. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ जणांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट डी दिलं आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. अडीच वर्षांच्या आसपास पाहिल्यावर डी घेणाऱ्यांत २९३ जणांना मधुमेह झाला, न घेणाऱ्यांत ३२३ जणांना. २०१९ साली हा निकाल आला तेव्हा एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं संशोधकांनी नोंदवलं. पुढे असे तीन प्रयोग एकत्र केले, तेव्हा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच आधारावर २०२४मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने मधुमेहाच्या अगदी जवळ पोचलेल्यांसाठी डीचा विचार करावा असं म्हटलं. आणि निरोगी प्रौढांची डी तपासणी सरसकट करू नये, असंही. मदत आहे, पण छोटी. वजन उतरवण्याच्या कामात तिला जागा नाही.

हाडांसाठी आणि स्नायूंसाठी डी लागतंच. खरी कमतरता असेल तर औषध घ्यायलाच हवं. चिंता आहे ती ६०,००० युनिटच्या पुडीची. डॉक्टर ती बहुधा आठवड्याला एक अशी ठरावीक काळापुरती लिहून देतात. प्रौढाची रोजची गरज आयसीएमआरने ६०० युनिट सांगितली आहे. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा असतो. गैरसमजाने ती रोज घेणारे आणि कोर्स संपल्यावरही महिनोन् महिने चालू ठेवणारे लोक आहेत. त्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढतं, तहान, मळमळ, बद्धकोष्ठ सुरू होतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

उन्हाबद्दलचा एक समज इथेच दूर करायला हवा. आपल्याकडे बाळाला कोवळ्या उन्हात धरतात आणि मोठी माणसंही पहाटे फिरून 'डी घेतलं' म्हणतात. डी बनवणारे यूव्हीबी किरण सूर्य खाली असताना जमिनीपर्यंत फार थोडे पोचतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचं ऊन कामाचं. महाराष्ट्रात डिसेंबरातही दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली तेवढी आखूड होते. त्या वेळी हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो, मात्र त्वचा भाजेपर्यंत थांबू नये, आणि तान्ह्या बाळाला तर भर उन्हात मुळीच धरू नये. त्याच्या डीच्या थेंबांबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारावं. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन कितीही ऊबदार असलं, तरी यूव्हीबी काचेतच अडतात.

मग करायचं काय, याचं उत्तर चेन्नईने २००६मध्ये दिलं आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना सुमारे तीन वर्षं पाहिलं. गोड आणि मैदा कमी, तेल-तूप बेताचं, रोज अर्धा तास भरभर चालणं, एवढ्या बदलांनी मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. मेटफॉर्मिनच्या गोळीने तो २६.४ टक्क्यांनी घटला. आणि या मंडळींचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात चालणं सोडणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल लक्षात ठेवावा.

आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातले कितीतरी जण दिसायला बारीकच असतील. म्हणून वाचकांना विनंती एवढीच : आज घरातली शिवणाची टेप घ्या आणि श्वास सोडून, पोट आत न ओढता कमरेचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर किंवा स्त्रियांचा ८०च्या वर असेल, किंवा आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर वजन कितीही कमी असो, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी या दोन तपासण्या करून घ्या. एचबीए१सी ५.७च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याहून वर असेल तर तो मधुमेह, आणि या दोन्हींच्या मधला आकडा आला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

(पुढच्या भागात : दारू न पिणाऱ्यांचं फॅटी लिव्हर)