एक कोटी ६७ लाख उत्तरांतून एक शोधायचं कसं?

संध्याकाळी सात वाजता पार्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून घरी फोन लावलाय कधी? अनाउन्समेंट चालू असते, समोरून फास्ट लोकल धडधडत जाते, बाजूला दोन काकू भाजीच्या भावावर बोलत असतात. तरी आईचा आवाज आपण बरोबर वेगळा काढतो. आपल्या हातातला मोबाइलही त्याच वेळी हेच करत असतो, पण सेकंदाला लाखो वेळा!

ह्या गोष्टीत आपल्याकडचं एक नाव आहे. थॉमस कैलाथ. १९३५ साली पुण्यात एका मल्याळी कुटुंबात जन्म, आणि १९५६ साली पुण्याच्याच इंजिनीअरिंग कॉलेजातून टेलिकॉमची डिग्री. पुढे ते स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. तिथे खडकवासल्याच्या एनडीएत शिकलेले, आपल्या नौदलातले आरोग्यस्वामी पॉलराज त्यांच्याबरोबर काम करू लागले. एकाच फ्रीक्वेन्सीवर, एकाच वेळी, अनेक अँटेनांमधून वेगवेगळी माहिती पाठवायची, ह्या कल्पनेचं अमेरिकन पेटंट दोघांना १९९४ साली मिळालं. हेच मायमो. आजचं वाय-फाय, फोर-जी, फाइव्ह-जी सगळं ह्यावर चालतं.

पाठवणं सोपं, खरी कटकट घेणाऱ्याची! चार अँटेनांनी चार चिन्हं पाठवली, की रिसीव्हरच्या प्रत्येक अँटेनाला चारही चिन्हांची खिचडी ऐकू येते, वर नॉइज आहेच. ६४-क्वाममध्ये प्रत्येक चिन्हाच्या ६४ शक्यता. म्हणजे चारांच्या मिळून ६४ × ६४ × ६४ × ६४ = १,६७,७७,२१६. ह्यातली प्रत्येक शक्यता तपासून आलेल्या सिग्नलच्या सगळ्यात जवळची निवडायची, ही झाली मॅक्सिमम लाइकलीहुड पद्धत. हिच्याइतक्या कमी चुका दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत होत नाहीत. पण २० मेगाहर्ट्झच्या फोर-जीमध्ये अशी कोडी सेकंदाला सुमारे एक कोटी ६८ लाख येऊ शकतात! प्रत्येक कोड्याला एवढ्या शक्यता तपासायच्या म्हटलं तर बॅटरीचं काय होईल, विचार करा.

मग सोपा उपाय काय? चार समीकरणं, चार अज्ञात. मॅट्रिक्स उलटा करा, संपलं! ह्याला झीरो फोर्सिंग म्हणतात. गणित अगदी थोडं, पण गोम आहे. समजा एका अँटेनाला 'क + ख' मिळालं आणि दुसऱ्याला 'क + १.१ ख'. वजाबाकी केली की उरतं ०.१ ख. ख काढायला १० ने गुणावं लागतं, आणि सिग्नलबरोबर नॉइजही दसपट होतो. दोन अँटेनांना जवळजवळ सारखंच ऐकू आलं, की ही पद्धत आपटते.

१९९८ च्या सुमारास बेल लॅब्जनी मधला मार्ग दाखवला. सगळ्यात स्पष्ट चिन्ह आधी ओळखा, ते वजा करा, मग पुढचं. पण पहिलंच चुकलं तर पुढची सगळी रांग चुकते.

आता खरी युक्ती. पार्ल्यात मित्राचं घर शोधताना आपण चर्चगेटपासून विरारपर्यंत बेल वाजवत जात नाही. स्टेशनपासून दहा मिनिटांवर एवढं माहीत असलं, तर तेवढ्याच वर्तुळात शोधतो. स्फिअर डिकोडिंग म्हणजे हेच. क्यूआर विभाजन करून मॅट्रिक्स त्रिकोणी केला, की शेवटच्या समीकरणात एकच अज्ञात उरतो, त्यावरच्यात दोन, असं झाड तयार होतं. प्रत्येक पायरीला अंतर वाढतं, कमी कधीच होत नाही. म्हणून एखादी फांदी वर्तुळाबाहेर गेली, की तिच्याखालच्या सगळ्या शक्यता न बघताच बाद! आणि तरीही उत्तर मॅक्सिमम लाइकलीहुडचंच मिळतं.

ह्याला वेळ किती लागतो? कैलाथ ह्यांचेच विद्यार्थी बाबक हसिबी आणि हारिस विकालो ह्यांनी २००५ साली दाखवलं, की नॉइज कमी असेल आणि अँटेना फार नसतील तर सरासरी मेहनत आटोक्यात राहते. त्याच वर्षी याल्डेन आणि ओटरस्टेन ह्यांनी सिद्ध केलं, की नॉइजचं प्रमाण तेच ठेवून अँटेना वाढवत नेल्या तर मेहनत शेवटी घातांकानेच वाढते. थोडक्यात, फुकट काहीच नाही!

शिवाय चिपला 'कधी पटकन, कधी उशिरा' चालत नाही. तिथे के-बेस्ट पद्धत कामी येते. प्रत्येक पायरीला फक्त उत्तम १० फांद्या ठेवायच्या. पहिल्या पायरीला ६४ तपासण्या, पुढच्या तिन्हींना ६४०-६४०, एकूण १,९८४. कुठे एक कोटी ६७ लाख आणि कुठे दोन हजारांच्या आत! बदल्यात कधीतरी खरं उत्तर कापलं जातं, ती जोखीम घ्यायची.

तेव्हा एम-वनला मॅट्रिक्स ऑप्शनला टाकणाऱ्यांनो, जरा थांबा. कॉलेजच्या लॅबमध्ये मॅटलॅब असेलच. दोन अँटेना घ्या, नॉइज वाढवत जा आणि झीरो फोर्सिंग नक्की कुठे आपटते ते स्वतः बघा. पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही, ते त्या एका ग्राफमध्ये दिसतं. आणि रात्री हॉस्टेलच्या वाय-फायवर मॅच बघताना एकदा तरी आठवा, की ह्यामागचं पेटंट ज्यांच्या नावावर आहे, त्यातला एक जण पुण्याच्या कॉलेजात आपल्यासारखाच परीक्षा देत होता!