दोन जिवांची बाई आणि घरचं मांजर



लोहा तालुक्यात फिरताना एक प्रश्न नेहमी येतो. "साहेब, सून दोन जिवांची आहे. घरात मांजर आहे. ठेवावं की सोडून द्यावं?" कोणी म्हणतं, मांजराचा केस पोटात जातो. मंडळी, केसाची भीती नको. काळजी घ्यायची ती मांजराच्या विष्ठेची.

टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक जंतू आहे, डोळ्यांना न दिसणारा. उंदीर, पाखरं, कच्चं मांस यांतून तो मांजराच्या पोटात जातो. बहुधा पिल्लू नुकतं शिकारीला लागतं तेव्हा. मग एक ते तीन आठवडे विष्ठेतून त्याची अंडी पडतात. पडल्याबरोबर ती अपाय करीत नाहीत; तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. पण पुढे ओलसर मातीत वर्षभरसुद्धा टिकतात.

मांजर भुसभुशीत जागा शोधतं. परसातला वाफा, वाळूचा ढीग, राख. तिथली माती हाताला लागते, मेथी-कोथिंबिरीवरून तोंडात जाते. दुसरी वाट अर्धकच्च्या मटणाची.

धडधाकट माणसाला हे कळतही नाही. फार तर थोडा ताप, मानेला गाठी. पण गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली, तर जंतू बाळापर्यंत पोचू शकतो. गर्भ पडतो, किंवा बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होते. ज्या बाईला पूर्वीच लागण होऊन गेली, तिला बहुधा धोका नसतो.

हाच जंतू शेळ्या-मेंढ्यांनाही गाभडवतो. म्हणून घरच्या बाईचा आणि गोठ्याचा विचार एकत्रच करा.

काय करावं?

१. मांजराची घाण रोजच्या रोज काढावी, खोल पुरावी. हे काम गरोदर बाईने करू नये. घरातल्या दुसऱ्याने करावं.
२. खुरपणी, परसातलं काम झालं की साबणाने हात धुवावेत. शक्यतो हातमोजे घालावेत.
३. भाजी, फळं भरपूर पाण्याने धुवावीत. पाणी उकळून प्यावं.
४. मटण आतपर्यंत शिजवावं. कच्चं मटण कापल्यावर हात, विळी, पाट धुवावेत.
५. मांजराला कच्चं मांस घालू नये. शेळ्यांची पेंड, चारा झाकून ठेवावा.
६. शेळी गाभडली तर ते पिल्लू, ती वार गरोदर बाईने हाताळू नये. जनावरांच्या डॉक्टरांना कळवावं, मग चुना टाकून खोल पुरावं.

मांजराला हाकलू नका. ज्वारीच्या पोत्यांची राखण तेच करतं. नुसतं अंगावरून हात फिरवून हा रोग सहसा होत नाही.

शेवटी एक सांगतो. गर्भ पडण्याची कारणं अनेक असतात. तसं झालं तर सुनेला बोल लावू नका. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, घरात मांजर आणि शेळ्या आहेत हे डॉक्टरांना सांगा. रक्ताच्या तपासणीने लागण समजते, आणि गरोदरपणातही त्यावर औषध आहे.