'एक' म्हणजे किती?

मुलगा किंवा सून बेंगळुरूला, नाहीतर पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. पण तिथे नेमके काय काम चालते हे घरात कोणालाच सांगता येत नाही, अशी घरे आपल्या भागात पुष्कळ आहेत. विचारले तर आजी सांगते, "कंप्यूटर मुंद कुंतिर्तान." कंप्यूटरपुढे बसलेला असतो! तिथे विषय संपतो. या बसण्यातला बराच वेळ नवे लिहिण्यापेक्षा जुने दुरुस्त करण्यात जातो. अशाच एका लहानशा दुरुस्तीची ही गोष्ट आहे. ती मला आवडते, कारण तिच्यात यंत्रापेक्षा माणसाच्या स्वभावाचा भाग जास्त आहे.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे एक रोजचे साधन आहे, त्याचे नाव गिट. ही त्यांची चोपडी म्हणा ना. कोणी, कधी, कोणत्या ओळी बदलल्या आणि का बदलल्या, याची नोंद त्यात राहते आणि वाटेल तेव्हा मागच्या पानावर जाता येते. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ते लिहायला घेतले. त्याआधी ते जे साधन वापरत होते, त्याची फुकट वापराची सवलत बंद झाली होती. त्याच वर्षी जुलैपासून गिटची देखभाल जुनिओ हामानो पाहू लागले. साधन खुले आहे. त्याच्या आतल्या ओळी कोणीही वाचाव्यात आणि सुधारणा सुचवाव्यात.

गिटला हुकूम द्यायचा तो माउसने चित्रावर टिचकी मारून नव्हे, तर अक्षरे टाइप करून. आता टाइप करताना बोट चुकणारच. 'कमिट' लिहिताना एक 'एम' राहतो, कधी दोन अक्षरांची अदलाबदल होते. असा चुकीचा हुकूम आला की गिट त्याच्याशी जवळचे हुकूम शोधते. त्यामागचे गणित व्लादिमिर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ साली मांडले : एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती फेरफार लागतात, ते मोजायचे. गिटने या फेरफारांना भावही ठरवून दिले आहेत. शेजारची दोन अक्षरे उलटसुलट झाली तर दंड शून्य, अक्षर गळले तर एक, भलतेच अक्षर पडले तर दोन आणि जादा अक्षर आले तर तीन. ज्या हुकुमाचा दंड सर्वांत कमी, तोच तुम्हाला म्हणायचा असावा.

इथवर ठीक. पण अंदाज बांधल्यावर यंत्राने काय करावे? नुसते सुचवावे, की करूनही टाकावे? गिट मुळात फक्त सुचवते, आणि ते योग्यच आहे. अंदाज चुकला तर मनात नसलेला हुकूम पार पडायचा. मात्र ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी २००८ साली एक सोय करण्यात आली. एक आकडा लिहून ठेवायचा. गिट तेवढा वेळ थांबेल आणि मग दुरुस्त केलेला हुकूम आपणहून चालवेल. मधल्या वेळात माणसाला 'थांब' म्हणता यावे, हा हेतू.

घोटाळा झाला तो या आकड्यात. तो सेकंदांचा नव्हता, सेकंदाच्या दहाव्या भागाचा होता. दहा लिहिले तर एक सेकंद, पन्नास लिहिले तर पाच. पण संगणकाच्या जगात 'शून्य' म्हणजे नाही आणि 'एक' म्हणजे होय, ही जुनी रीत आहे. त्यामुळे पुष्कळांनी सोय सुरू करायची म्हणून सरळ 'एक' लिहिले. मग चुकीचा हुकूम दिला की गिट बजावू लागले : असा हुकूम नाही, तुम्हाला अमुक म्हणायचे असावे असे समजून ०.१ सेकंदात पुढे जात आहे! धावण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत जो हलला, तो आवाज ऐकून नव्हे तर आधीच निघाला असे धरतात. म्हणजे निवडक धावपटूंनाही जे जमू नये, ते गिट टेबलाशी बसलेल्या माणसाकडून मागत होते.

यात चूक कोणाची? आपल्याला हे कोडे नवे नाही. मराठीत हळद म्हणजे स्वयंपाकातली हळद. कन्नडमध्ये 'हळदी' म्हणजे पिवळा रंग. बोलणारा बरोबर, ऐकणाराही बरोबर, आणि तरी हातात भलतेच पडते. इथेही लिहिणाऱ्याच्या मनात 'एक' ही मोजणी होती, वापरणाऱ्याच्या मनात तो होकार होता. वापराच्या माहितीत हे माप नोंदलेले होते. पण चमचा की वाटी हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिले, म्हणून आमटी खारट व्हायची थांबत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये स्कॉट शॅकन यांनी दुरुस्ती पाठवली. ते गिटहबच्या संस्थापकांपैकी एक आणि गिटवरच्या एका प्रसिद्ध पुस्तकाचे लेखक. आता वाटेल, सोपे आहे, दहाव्या भागाऐवजी सेकंद करून टाका. पण मग ज्यांनी विचारपूर्वक दहा लिहिले होते, त्यांना एकाऐवजी दहा सेकंद ताटकळावे लागले असते. एकाची चूक निस्तरताना दुसऱ्याची घडी मोडायची, ही दुरुस्ती नव्हे. म्हणून मोजमाप तसेच राहिले. फक्त 'एक' या आकड्याचा अर्थ 'होय, लगेच चालव' असा झाला. 'हो', 'नाही', 'चालू', 'बंद' या अर्थाचे इंग्रजी शब्दही गिटला कळू लागले. इतरांनी तपासून पाहिल्यावर हा बदल मार्च २०२५ मध्ये निघालेल्या २.४९ या आवृत्तीत आला. सोय सुरू झाल्यापासून मध्ये सोळा वर्षे गेली होती.

इतकी वर्षे का लागली? माझ्या मते, ०.१ सेकंदाचा तो इशारा पाहून अनेक जण हसले असतील आणि पुढच्या कामाला लागले असतील. खटकलेली गोष्ट तिथेच सोडून न देता तिच्या मुळाशी जाणे, तिच्यावर अवलंबून असलेल्यांचा विचार करणे आणि मग नेमका तेवढाच बदल करणे, याला हुशारीपेक्षा आस्था जास्त लागते. वर्गातल्या मुलांना मी हेच सांगतो : आकडा लिहिलात की माप लिहा, आणि वाचणारा त्याचा काय अर्थ घेईल ते आधी त्याच्या जागी बसून पाहा.

रविवारी मुलांचा फोन आला की "जेवलास का", "ऊटा आय्ता" हे विचारून झाल्यावर आणखी एक विचारा : या आठवड्यात काय दुरुस्त केलेस, आणि ते कोणाच्या उपयोगी पडेल? उत्तर सगळे समजले नाही तरी चालेल. आपले काम कोणीतरी समजून घेऊ पाहते आहे, एवढे त्याला नक्की समजेल.