पैठणचें धरण आणि वरचें पाणी

वाळूजच्या वसाहतींत उन्हाळ्यांतल्या एखाद्या सकाळीं नळ कोरडा राहिला, कीं गृहिणी प्रथम पाणी सोडणाऱ्या माणसास बोल लावते. त्या बिचाऱ्याचा दोष फार थोडा. येथल्या कारखान्यांस व घरांस येणारें पाणी पैठणच्या नाथसागराचें; आणि नाथसागर भरावयाचा तो मुख्यतः नाशिककडील घाटमाथ्यावरच्या पावसानें.

जायकवाडी हें ज्या गांवाचें नांव, तें बीड जिल्ह्यांत आहे. हैदराबाद राज्याच्या काळांतील मूळ योजना तेथली होती. राज्याचें विभाजन झाल्यावर जागा सुमारें शंभर किलोमीटर वर, पैठणला सरकली. नांव मात्र मागेंच राहिलें नाहीं! १९६५ सालीं लालबहादुर शास्त्री यांनीं पाया घातला, १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं उद्घाटन केलें. उपयुक्त सांठा सुमारें ७६.६ अब्ज घनफूट.

आतां वाद काय तो पाहूं. दारणा धरण १९१६ सालचें, भंडारदरा १९२६ सालचें. आमचे मळे जायकवाडीहून जुने आहेत, असें नाशिक-नगरचे शेतकरी म्हणतात, व तें खोटें नाहीं. पण पैठणचा हिशेब मांडून झाल्यावर वर आणखीही धरणें बांधलीं गेलीं, हें मराठवाड्याचें गाऱ्हाणेंही तितकेंच खरें.

यावर २००५ सालच्या जलसंपत्ति नियमन कायद्याच्या बाराव्या कलमानें तोड काढली: खोऱ्यांतील सर्व धरणांतील वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरिपांतील वापर धरून, ऑक्टोबरअखेर जवळजवळ सारखी असावी. सारा कस 'खरिपांतील वापर धरून' या शब्दांत आहे. समजा, वरच्या धरणाचीं शंभर मापें. तीस पिकांस गेलीं, साठ उरलीं. डोळ्यांना साठ दिसतात. हिशेबांत नव्वद धरावयाचीं. खालीं दहा वापरलीं व तीस उरलीं, तर चाळीसच. त्रैराशिक शिकविण्यांत माझा जन्म गेला. याहून सोपें उदाहरण मीं मुलांस क्वचितच घातलें असेल. तरीही मोठमोठ्या सभांतून केवळ उरलेल्या पाण्याचे आंकडे वाचून दाखवितात.

मेंढेगिरी समितीच्या अहवालानंतर २०१४ सालीं प्राधिकरणानें ठरविलें, कीं १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा हिशेब ६५ टक्क्यांखालीं असल्यास वरून पाणी सोडावें. २०१६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें समन्यायी वांटपाचें तत्त्व उचलून धरलें. त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत औरंगाबाद खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांचें पाणी ६० टक्क्यांपर्यंत व इतर उद्योगांचें २५ टक्के तोडलें होतें; वाळूजला तें दिवस आठवतात.

२०२३ सालीं सुमारें ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला. पाणी सुटलें तें दिवाळी उलटल्यावर. नदी वाहती असतां सोडलेलें पाणी खालीं पोंचतें. पात्र सुकल्यावर वाळू आपला वांटा आधीं घेते. सभागृहांतील प्रत्येक आठवड्याच्या वादाची किंमत अशी पाण्यांत मोजावी लागते.

पुढें मांदाडे अभ्यासगटानें ६५ ऐवजीं ५८ टक्क्यांची शिफारस केली. ही सात टक्क्यांची घट ऐकावयास किरकोळ वाटते. ७६.६ चे सात टक्के म्हणजे ५.४ अब्ज घनफूट, २०२३ सालच्या आदेशांतील पाण्याचे जवळजवळ दोन तृतीयांश. हा आंकडा कोणत्या नोंदींवरून आला, वरच्या धरणांचा खरीपवापर त्यांत कसा मोजला, हें आपल्या आमदारांनीं विधिमंडळांत ओळीनें विचारावें. आणि उत्तर येईल तें पैठणच्या नोंदवहीशीं ताडून पाहावें.